पाळीतील असह्य दुखणे आणि एंडोमेट्रिओसिसचे निदान

पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळा येणे, कंबर भरून येणे, मांड्या ओढल्यासारख्या वाटणे हे बहुतेक स्त्रियांच्या परिचयाचे असते. गरम पाण्याची पिशवी, थोडी विश्रांती किंवा एखादी वेदनाशामक गोळी यांनी ते दुखणे आटोक्यात येते आणि रोजचे व्यवहार चालू राहतात. परंतु काही मुलींचे आणि स्त्रियांचे दुखणे याच्या पलीकडचे असते. गोळी घेऊनही त्यांना उठून बसवत नाही, उलट्या होतात, दर महिन्याला शाळेचा, कॉलेजचा किंवा कामाचा खाडा होतो, आणि वर्षागणिक हे दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाते. अशा दुखण्यामागे अनेकदा एंडोमेट्रिओसिस हा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा आजार आहे. तो इतका सर्रास आढळत असूनही पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत साधारणपणे ४ ते ११ वर्षे जातात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. पंधराव्या वर्षी दुखू लागलेल्या मुलीला आजाराचे नाव कळेपर्यंत तिचे शिक्षण संपलेले असते, कदाचित लग्नही झालेले असते.

हा उशीर केवळ यंत्रांच्या किंवा तज्ज्ञांच्या अभावामुळे होत नाही. या आजाराच्या निदानाची सुरुवात दुखण्याची नीट चौकशी करण्यापासून होते, आणि नेमकी तीच राहून जाते. पाळीचे दुखणे अंगावर काढायचे असते, ही शिकवण आपल्या घरांत इतकी रुजलेली आहे की दुखते किती, कुठे आणि केव्हा, हे मुलीला कोणी विचारत नाही आणि तीही आपण होऊन सांगत नाही.

शरीरात नेमके काय घडते

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक अस्तर असते. दर महिन्याला बीजांडकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते जाड होते आणि गर्भधारणा न झाल्यास रक्तावाटे बाहेर पडते. यालाच आपण पाळी म्हणतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजलेल्या आढळतात: ओटीपोटाच्या आतील पातळ आवरणावर, बीजांडकोशांवर, गर्भाशयाला मागून आधार देणाऱ्या बंधांवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधील खोलगट जागेत, क्वचित आतड्यांवर किंवा मूत्राशयावर. या पेशीही संप्रेरकांना प्रतिसाद देतात, त्यामुळे पाळीच्या सुमारास त्यांच्यातही रक्तस्राव आणि दाह होतो. गर्भाशयातील रक्ताला बाहेर पडण्याची वाट असते, मात्र इथल्या रक्ताला ती नसते. दाह पुन्हा पुन्हा होत राहिल्याने आजूबाजूच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते, कठीण व्रण तयार होतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना जखडले जातात. ओली झालेली वही वाळताना तिची पाने एकमेकांना चिकटावीत, तसे बीजांडकोश, आतडे आणि गर्भाशय एकमेकांना चिकटतात, आणि मग शौचाला बसणे किंवा शरीरसंबंध यांसारख्या क्रियांतही त्यांच्यावर ताण येऊन कळ उठते.

हे का होते, याचे सर्वांना पटलेले एकच उत्तर अजून मिळालेले नाही. अमेरिकेतील आल्बनी येथील शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलेली उपपत्ती सर्वाधिक परिचित आहे: पाळीच्या रक्ताचा काही भाग उलट्या दिशेने, गर्भनलिकांतून ओटीपोटात जातो आणि त्यातील पेशी तिथे रुजतात. मात्र असा उलटा प्रवाह बहुतेक सगळ्याच स्त्रियांमध्ये होत असतो आणि आजार मात्र दहांपैकी एकीला होतो. त्यामुळे पेशी रुजू देणारी रोगप्रतिकारशक्तीतील काही वेगळेपणाची बाजू आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असला पाहिजे, असे संशोधक मानतात. आई किंवा सख्खी बहीण या आजाराने ग्रस्त असेल, तर मुलीला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा निश्चितच जास्त असते. घरात या विषयावर बोलणे आवश्यक ठरते, ते या कारणानेही.

काही गोष्टी मात्र निःसंदिग्धपणे सांगता येतात. हा संसर्गजन्य रोग नाही. पाळीत आंबट खाल्ल्याने, डोक्यावरून पाणी घेतल्याने, व्यायाम केल्याने किंवा लग्न उशिरा झाल्याने तो होत नाही. तो मुलीच्या चुकीने होत नाही आणि तिच्या मनाचा खेळही नाही. तो कर्करोगही नाही. बीजांडकोशाच्या काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका या स्त्रियांमध्ये किंचित वाढलेला आढळतो, परंतु तो मुळातच इतका कमी असतो की वाढूनही या आजाराच्या बहुसंख्य स्त्रियांना असा कर्करोग आयुष्यात कधीही होत नाही.

आजाराची तीन रूपे डॉक्टर मानतात. पहिल्यात ओटीपोटाच्या आवरणावर केवळ वरवरचे डाग असतात. दुसऱ्यात बीजांडकोशात जुन्या, घट्ट, तपकिरी रक्ताने भरलेली गाठ होते, तिला सर्रास ‘चॉकलेट सिस्ट’ म्हटले जाते. तिसऱ्यात आजार अवयवांच्या भिंतींत खोलवर शिरतो. एकाच स्त्रीमध्ये तिन्ही रूपे असू शकतात. गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीतच अशा पेशी शिरल्या तर त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात. तो वेगळा आजार असला, तरी अनेकदा याच्या जोडीने असतो आणि त्यात पाळीला रक्तही जास्त जाते.

आजाराच्या व्याप्तीवरून पहिली ते चौथी अशा अवस्था ठरवल्या जातात. या अवस्था आणि दुखण्याची तीव्रता यांचा थेट मेळ नसतो, ही बाब रुग्णाने आणि तिच्या घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवी. पहिल्या अवस्थेतील, मोजक्या डागांची मुलगी दुखण्याने लोळत असते आणि दोन्ही बीजांडकोशांत मोठ्या गाठी असलेल्या स्त्रीला काहीच त्रास नसतो, असे घडते. म्हणून ‘थोडंसंच आहे, एवढं दुखायला नको’ असे कोणी म्हणत असेल, मग ते डॉक्टर का असेनात, तर ते चूक आहे.

दुखण्याची भाषा

साधे पाळीचे दुखणे सहसा पाळी सुरू झाल्यानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत उद्भवते, रक्तस्रावाबरोबर येते, दोन-तीन दिवसांत ओसरते आणि योग्य वेळी घेतलेल्या गोळीने थांबते. एंडोमेट्रिओसिसचे दुखणे बरेचदा पाळीच्या आधी एक-दोन दिवसांपासूनच सुरू होते, पाळी संपल्यावरही रेंगाळते, आणि काही वर्षांनी तर पाळी असो वा नसो, ओटीपोटात मंद ठणका कायमचाच होऊन बसतो. गोळी घेतली तरी फरक पडत नाही, किंवा पूर्वी एका गोळीने भागत होते तिथे तीन लागू लागतात. पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी आतून चिरल्यासारखे दुखणे हे तर या आजाराचे फार बोलके लक्षण आहे, पण ते सांगायला स्त्रिया संकोचतात आणि विचारायला डॉक्टर विसरतात. लघवीच्या वेळी दुखणे, पाळीत पोट टम्म फुगणे, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होणे, शरीरसंबंधाच्या वेळी खोलवर दुखणे, झोप पुरी होऊनही न जाणारा थकवा ही इतर लक्षणे आहेत. क्वचित आजार श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधील पडद्यावर, असेल तर दर पाळीला उजवा खांदा दुखतो. सिझेरियनच्या व्रणाजवळ दर महिन्याला सुजणारी, दुखणारी गाठ हेही याच आजाराचे एक रूप असते. काही जणींना दुखणे नसतेच, आणि मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच आजार उघड होतो.

या सगळ्यात एक धागा सापडतो, तो म्हणजे महिन्याचा ठेका. आतड्याचा, मूत्राशयाचा, खांद्याचा किंवा व्रणाचा कोणताही त्रास पाळीच्या तारखांबरोबर वाढत आणि ओसरत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायलाच हवी. प्रत्यक्षात मात्र पोट बिघडते म्हणून रुग्ण एका डॉक्टरकडे जाते, लघवीला जळजळते म्हणून दुसऱ्याकडे, कंबर दुखते म्हणून तिसऱ्याकडे. प्रत्येक जण आपापल्या भागापुरते औषध देतो आणि तारखांचा तक्ता कोणीच मांडत नाही. अपेंडिक्स समजून ऑपरेशन झालेल्या आणि त्यानंतरही दुखणे तसेच राहिलेल्या मुली या वाटेवर भेटतात.

तपासणीच्या खोलीतील एक प्रसंग आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडतो. सतरा-अठरा वर्षांची मुलगी आईबरोबर येते. डॉक्टर विचारतात, ‘काय त्रास होतो?’ आई उत्तर देते, ‘पाळीत पोट दुखतं हो हिचं. आमच्या वेळी आम्हीपण सोसलंच की, पण हिला जरा जास्तच होतं.’ मुलगी मान खाली घालून बसलेली असते. डॉक्टर गोळी लिहून देतात, ‘लग्न झालं, एखादं मूल झालं की आपोआप कमी होईल’ असे सांगतात आणि दोघी घरी जातात. इथे कोणाचाच हेतू वाईट नसतो. आईने स्वतः जे सोसले ते तिला स्वाभाविक वाटते. कदाचित तिलाही हाच आजार असेल आणि त्याचे नाव तिला कधी कळलेच नसेल. पण याच खोलीत डॉक्टरांनी मुलीकडे वळून, शक्य असल्यास तिच्याशी काही मिनिटे एकटीशी बोलून, चार प्रश्न विचारले असते तर चित्र बदलले असते: गेल्या सहा महिन्यांत कॉलेज किती दिवस बुडाले? गोळी घेतल्यावर दुखणे पूर्ण थांबते का? पाळीत शौचाला बसताना दुखते का? घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का? वेदनाशामक औषधे आणि संप्रेरकांच्या गोळ्या या दोन्हींना दाद न देणाऱ्या किशोरवयीन मुलींची दुर्बिणीने तपासणी केली असता, त्यांच्यापैकी किमान दोन तृतीयांश जणींना एंडोमेट्रिओसिस आढळतो, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये नोंदवले आहे. ‘एवढ्या लहान वयात हा आजार होत नाही’ हा समज त्यामुळे टिकणारा नाही.

डॉक्टरांनी विचारले नाही तरी रुग्णाने स्वतः ही माहिती घेऊन जावे. त्यासाठी महागडे ॲप लागत नाही, घरातील कॅलेंडर किंवा एक लहान वही पुरते. दोन-तीन महिने रोज एकच ओळ लिहायची: तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती, कोणत्या जागी, कोणती गोळी किती वाजता घेतली, तिने काय फरक पडला आणि त्या दिवशी काय करता आले नाही. ‘१४ तारीख, पाळीचा दुसरा दिवस, दुखणे ८, ओटीपोट आणि गुदद्वारापाशी, सकाळी ७ ला आणि दुपारी २ ला गोळी, तासभर बरे, परीक्षेला बसता आले नाही’ अशी एक ओळ ‘खूप दुखतं’ या दोन शब्दांपेक्षा डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. पाळी नसतानाच्या दिवसांची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे, कारण तिच्यावरूनच महिन्याचा ठेका दिसतो.

तपासण्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

बोलणे आणि हाताने केलेली तपासणी यांनंतर पहिली तपासणी असते सोनोग्राफीची. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत, जिच्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात, बीजांडकोशातील मोठी चॉकलेट सिस्ट दिसू शकते, पण बारीकसारीक खुणा सहसा दिसत नाहीत. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी, जिच्यासाठी उलट लघवी करून यायचे असते, अवयवांच्या अधिक जवळून पाहते. या आजाराची सवय असलेले तज्ज्ञ तिच्यात गाठीखेरीज आणखी बरेच काही शोधतात: गर्भाशय आणि त्यामागचे आतडे एकमेकांवर सहज सरकतात की चिकटले आहेत, दोन्ही बीजांडकोश मध्यभागी ओढले जाऊन एकमेकांना टेकले आहेत का, दाब दिल्यावर नेमके कुठे दुखते.

अविवाहित मुलींच्या बाबतीत आपल्याकडे योनिमार्गातील सोनोग्राफी सहसा केली जात नाही. जिचा शरीरसंबंध आलेला नाही, तिच्यासाठी तो संकोच समजण्यासारखा आहे, आणि तपासणी कोणतीही असो, ती स्त्रीच्या स्पष्ट संमतीनेच व्हायला हवी. पण त्यामुळे तपासच थांबावा, हे बरोबर नाही. गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय उपलब्ध असतात आणि ते विचारून घेण्याचा रुग्णाला अधिकार आहे. एमआरआय विशेषतः आतड्यांपर्यंत किंवा मूत्राशयापर्यंत खोल गेलेल्या आजाराची शंका असताना आणि शस्त्रक्रियेची आखणी करताना उपयोगी पडतो.

या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे: सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही, असे सिद्ध होत नाही. आवरणावरचे वरवरचे डाग, जे सर्वाधिक आढळणारे रूप आहे, सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत आणि एमआरआयमध्येही निसटू शकतात. ‘रिपोर्ट क्लिअर आहे, काही नाही तुम्हाला’ हे ऐकून अनेक जणी वर्षानुवर्षे स्वतःवरच अविश्वास दाखवत राहतात. लक्षणे कायम असतील आणि रिपोर्ट नॉर्मल असेल, तर शंका तशीच ठेवून पुढचा विचार करायचा असतो, अशीच इंग्लंडमधील आरोग्य मार्गदर्शनाची आणि युरोपातील तज्ज्ञांचीही भूमिका आहे.

सीए-१२५ ही, बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या संदर्भातही केली जाणारी रक्ततपासणी आपल्याकडे बरेचदा लिहून दिली जाते. तिच्या आकड्यावरून या आजाराचे निदान करू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते आणि इतर अनेक कारणांनी वाढू शकते. आकडा वाढलेला पाहून घरात कर्करोगाच्या भीतीने हाहाकार उडतो, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे. भारतात आणखी एक आजार या वाटेत आडवा येतो, तो म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. ओटीपोटातील जुनाट दुखणे, वंध्यत्व, बीजांडकोशाजवळच्या गाठी आणि वाढलेला सीए-१२५ हे चित्र दोन्हींत सारखे दिसू शकते आणि दोन्हींचे उपचार पूर्णतः वेगळे आहेत. त्यामुळे क्षयाची बाधा नाही ना, हे डॉक्टर तपासत असतील, तर तो वेळेचा अपव्यय नव्हे.

अनेक दशके या आजाराचे खात्रीचे निदान म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हेच समीकरण होते. भूल देऊन बेंबीजवळ एक लहान छेद घेतला जातो, पोटात वायू भरून दुर्बीण आत सोडली जाते आणि आतला प्रत्येक कोपरा पाहिला जातो. आजाराचे डाग एकाच रंगाचे नसतात: काही निळसर काळे, काही लालभडक, काही पांढऱ्या व्रणासारखे, तर काही पाण्याच्या बारीक फोडांसारखे पारदर्शक असतात. पाहणारा डोळा सरावलेला नसेल तर हे शेवटचे सहज निसटतात. दिसलेल्या भागाचा तुकडा काढून तो पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला जातो. परंतु प्रत्येक रुग्णाला केवळ निदानासाठी शस्त्रक्रियेला सामोरे जायला लावणे, हेच उशिराचे एक कारण ठरत होते. म्हणून युरोपियन सोसायटी ऑफ ह्युमन रिप्रॉडक्शन अँड एम्ब्रियॉलॉजी या संस्थेने २०२२ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ही अट काढून टाकली. लक्षणांवरून शंका बळकट असेल तर औषधोपचार सुरू करावेत, आणि दुर्बिणीचा पर्याय मुख्यतः तपासण्या नॉर्मल असताना किंवा औषधांनी गुण येत नसताना विचारात घ्यावा, असे ती तत्त्वे सांगतात. याचा रुग्णासाठी अर्थ असा, की पोटावर छेद घेतल्याशिवाय तिच्या दुखण्याला कोणी नाव देणार नाही, ही परिस्थिती आता राहिलेली नाही.

उपचारांविषयी

हा आजार समूळ नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. पण दुखणे आटोक्यात ठेवणे, आजाराची वाढ रोखणे आणि मूल हवे असल्यास त्यासाठी मदत करणे हे शक्य असते. वेदनाशामक गोळ्या दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळापत्रकाने घेतल्या तर जास्त उपयोगी पडतात. पाळीसाठी आपल्याकडे औषधाच्या दुकानातून सर्रास, चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत मेफेनॅमिक ॲसिड असते. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने या औषधाच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जिक प्रतिक्रियेबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. गोळी घेतल्यानंतर ताप, अंगावर पुरळ किंवा लसिकाग्रंथींना (मान, काख येथील गाठींना) सूज आली तर ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

संप्रेरकांचे उपचार हा मुख्य आधार आहे. त्यांत गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखे काम करणारी) औषधे आणि ‘कॉपर-टी’सारखीच गर्भाशयात बसवायची, पण तांब्याऐवजी संप्रेरक असलेली साधने येतात. या सगळ्यांचा उद्देश अस्तरासारख्या पेशींना मिळणारी चालना कमी करणे आणि बहुधा पाळीच थांबवणे किंवा कमी करणे हा असतो. ‘पाळी थांबली तर घाण रक्त अंगातच राहील’ ही भीती अनेक घरांत बोलून दाखवली जाते. औषधाने पाळी थांबते तेव्हा अस्तर जाडच होत नाही, त्यामुळे साचण्यासारखे काही तयारच होत नाही. ‘एवढ्या लहान मुलीला गर्भनिरोधक गोळ्या कशाला’ या प्रश्नालाही साधे उत्तर आहे: इथे ती गोळी दुखण्यावरचे औषध म्हणून दिलेली असते आणि ती बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. डायनोजेस्टने सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग जाणे, डोके दुखणे, मन उदास होणे असे त्रास होऊ शकतात आणि ते डॉक्टरांना सांगायलाच हवेत. अर्धशिशीचे काही प्रकार, उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या किंवा धूम्रपान यांचा इतिहास असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्या लागतात. याहून प्रभावी इंजेक्शनेही असतात, पण ती शरीराला तात्पुरत्या रजोनिवृत्तीच्या स्थितीत नेतात आणि हाडांची घनता कमी करतात, त्यामुळे ती मर्यादित काळच वापरली जातात.

शस्त्रक्रियेत डाग, गाठी आणि चिकटलेले भाग काढले जातात. अनुभवी हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेने अनेकींना मोठा आराम पडतो. तरीही पुढे संप्रेरकांचे उपचार न घेतल्यास पाच वर्षांत सुमारे ४० ते ५० टक्के जणींना आजार पुन्हा उद्भवतो. बीजांडकोशातील गाठ काढताना तिच्याबरोबर निरोगी बीजांडेही काही प्रमाणात जातात, म्हणून ज्यांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी शस्त्रक्रियेआधी एएमएच ही बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी आणि बीजांडे गोठवून ठेवण्याचा पर्याय यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. या आजाराच्या ३० ते ५० टक्के स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते, असे मानले जाते. याचा दुसरा अर्थ असा, की अनेक जणींना नैसर्गिकरीत्या मूल होते. लग्न जमवताना मुलीचा आजार लपवण्याची किंवा त्यावरून तिला नाकारण्याची वेळ येऊ नये, म्हणून हे ठळकपणे सांगावेसे वाटते. गर्भारपणात पाळी बंद असल्याने काही जणींना बरे वाटते, पण गर्भारपण हा उपचार नव्हे, आणि दुखणे थांबावे म्हणून एखाद्या मुलीचे लवकर लग्न लावून देणे हा तर तिच्यावर अन्याय आहे.

‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला महाराष्ट्रात फार सहज दिला जातो. त्याचे टोक बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ च्या सरकारी पाहणीत तिथल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे कामाचा खाडा, त्यासाठी कापली जाणारी मजुरी आणि वैद्यकीय व्यवहारातील गैरप्रकार अशी अनेक कारणे होती आणि ती एंडोमेट्रिओसिसची कहाणी नव्हती, पण पाळीच्या तक्रारींवर पिशवी काढणे हे पहिले उत्तर झाले की काय होते, ते या आकड्यांत दिसते. एंडोमेट्रिओसिस तर गर्भाशयाच्या बाहेरचा आजार आहे. बाहेरचे डाग तसेच ठेवून केवळ गर्भाशय काढले, तर दुखणे राहू शकते. ॲडिनोमायोसिसही असेल, मूल नको असेल आणि इतर उपाय थकले असतील, तेव्हा हा निर्णय योग्य ठरू शकतो, पण तो पूर्ण माहिती घेऊन आणि शक्यतो दुसऱ्या डॉक्टरांचे मत विचारून घ्यावा. बीजांडकोशही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येते आणि तिचे हाडांवर व हृदयावर होणारे परिणाम पुढे अनेक वर्षे सांभाळावे लागतात.

कोणाकडे जावे

सुरुवात जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात करता येते. औषधांनी तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही, आतड्यांशी किंवा मूत्राशयाशी संबंधित त्रास असला, किंवा शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तर या आजाराच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नियमितपणे करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करावी. ‘अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता?’ आणि ‘आतड्याचे सर्जन सोबत असतील का?’ हे प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. मुंबईत परळ येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) प्रजनन आणि बालस्वास्थ्य संशोधन संस्थेत भारतीय स्त्रियांमधील एंडोमेट्रिओसिसवर संशोधन चालू आहे.

कागदपत्रांची फाइल प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवावी. तीत दुखण्याच्या नोंदींची वही, सोनोग्राफीच्या रिपोर्टबरोबर मिळालेल्या फिल्म, आजवर घेतलेल्या औषधांची नावे आणि ती का बंद केली याची टिपणे असावीत. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डिस्चार्ज कार्डावर थांबू नये. ऑपरेशनची सविस्तर नोंद, आतील छायाचित्रे किंवा चित्रफीत आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट रुग्णालयातून निघण्यापूर्वीच मागून घ्यावा. पुढच्या डॉक्टरांना डाग कुठे होते, कोणते काढले आणि कोणते मागे राहिले हे त्यांवरूनच कळते, आणि पुन्हा केवळ पाहण्यासाठी पोटात दुर्बीण घालण्याची वेळ टळू शकते.